वाट्या मांडणं हा टाइमपास? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

लहान मुलांना घरकामात सोबत घेऊन शिकू द्यावं, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया खरमरीत आहे, पण मुद्दे नेमके आहेत, म्हणून सविस्तर लिहिते. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: वाट्या मांडणं, मटार सोलणं हा टाइमपास आहे, शेजारचा तीन वर्षांचा मुलगा शंभरपर्यंत आकडे म्हणतो आणि ए ते झेड गिरवतो, शिवाय नोकरी करून घरी आलेल्या आईला असले 'उपक्रम' करायला वेळ कुठून मिळणार?

आधी शंभरचं बघू. आकडे पाठ असणं वाईट नाही. पण त्या मुलासमोर सात चमचे ठेवा आणि मोजायला सांगा. बोट एकीकडे, तोंड दुसरीकडे असं होईल, एखादा चमचा दोनदा मोजला जाईल. मोजून झाल्या झाल्या 'मग किती आहेत?' विचारलंत, तर या वयाची बरीच मुलं पुन्हा एकपासून सुरू करतात. शेवटचा आकडा म्हणजेच सगळे चमचे मिळून किती, हे अजून उमगलेलं नसतं. ते म्हणून म्हणून उमगत नाही. प्रत्येक ताटाला एक वाटी लावत गेलं आणि आजोबांच्या ताटापाशी वाटी संपली, की 'एक कमी पडली' हे मूल स्वतः बघतं. मग ते ओट्याकडे पळतं. माझ्या मते गणित इथे सुरू होतं.

गिरवण्याचं तर मला पटतच नाही. मनगटात आठ छोटी हाडं असतात आणि तीन वर्षांच्या मुलात त्यातली बरीचशी अजून कूर्चाच, म्हणजे हाड न बनलेली मऊ, असतात. बोटांत पुरेसा जोर आलेला नसताना पेन्सिल दिली की मूल ती मुठीत आवळतं, आणि तशीच सवय लागली तर पुढे मोडायला जड जाते. मटाराची शेंग दाबून उघडणं, कणीक तिंबणं, दोरीवरच्या कपड्यांना चिमटे लावणं यांत अंगठा आणि तर्जनीची जी कसरत होते, ती लिहिण्याचीच तयारी आहे. पहिलीला अजून तीन वर्षं आहेत. घाई कसली?

हे खूळ माझं एकटीचं नाही. बालशिक्षणात आयुष्य घालवलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आधी बोर्डीत आणि 1957 पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी बालवाडी चालवली, तेव्हा महागडी माँटेसरी साधनं परवडण्यासारखी नव्हती. त्यांनी खडे, शिंपले, बिया, पानं हीच साधनं केली. आपल्याकडे तर अख्खं स्वयंपाकघर आहे.

वेळेबद्दल तुमची तक्रार रास्त आहे. इंटरनेटवरचे रंगीत तांदूळ, चकाकी आणि कात्रणांचे पसारे बघून मलाही धाप लागते. मांडायला अर्धा तास, मुलाचं खेळणं पाच मिनिटं, आवरायला पुन्हा अर्धा तास. म्हणूनच मी घरातलंच काम सुचवते. ते तुम्हाला तसंही करायचंच असतं: मोज्यांच्या जोड्या लावणं, कोथिंबीर निवडणं, मटकी भिजत घालणं आणि सकाळी मोड आले का बघणं. मूल सोबत असलं की काम लांबतं, हे खरं. त्यामुळे रोज सगळं नको, एकच काम त्याचं ठरवा. सांडलं तर पुसायचं फडकंही त्याच्याच हातात द्या. पुसणं हे कित्येक मुलांना मूळ कामापेक्षा जास्त आवडतं!

कुकर लावेपर्यंत कार्टून लावलंत म्हणून कुणी तुम्हाला वाईट आई म्हणणार नाही, मी तर नाहीच. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची मर्यादा दोन ते पाच वर्षांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास आहे. दोनच्या आत मात्र स्क्रीन नकोच, नातेवाइकांशी क्वचित व्हिडिओ कॉल सोडून. फक्त जेवताना मोबाइल नको. पोट भरल्याचं मुलाला कळत नाही आणि गप्पाही बंद पडतात.

शेवटी, धाकटीचं वय तुम्ही लिहिलं नाहीत. ती रांगती किंवा नुकती चालती असेल, तर दादाचा मटार-हरभऱ्याचा खेळ टेबलावर आणि तुमच्या नजरेसमोरच होऊ द्या. शेंगदाणा घशात अडकतो, आणि नाकात गेलेला हरभरा ओलाव्याने फुगतो. तो काढायला घरी खटपट न करता डॉक्टरच गाठावे लागतात. तिला स्टीलचे डबे, झाकणं आणि एक पळी द्या. कान किटतील, पण भाजी होईल.