सही कुणाची?

मावशीच्या अंगावरून जायला लागून सात-आठ महिने झाले होते. आधी "या वयात होतंच", मग "उन्हाळ्यामुळे असेल", मग चुलत जावेनं सांगितलेला कसलासा काढा. हिमोग्लोबिन ७ वर आलं आणि जिना चढताना ती मधल्याच पायरीवर बसली, तेव्हा कुठे दवाखाना. सोनोग्राफीत गाठी निघाल्या. डॉक्टरांनी रिपोर्टवरून मान वर न करता सांगितलं, "पिशवी काढून टाकू. दोन पोरं झालीत ना? मग ठेवून करायचंय काय?"

काउंटरवर फॉर्म आला. मावशीनं पर्समधून चष्मा काढला, पुसला, लावला. तिथली मुलगी म्हणाली, "मावशी, तुमची नाही, मिस्टरांची सही." काका ट्रक घेऊन विजयवाड्याला गेलेले. मी म्हटलं, पेशंट समोर बसलीय, शुद्धीवर आहे, लिहिता-वाचता येतं. "नाही ताई, नवऱ्याचीच लागते, नियम आहे." कुठला नियम विचारल्यावर तिनं आतल्या खोलीकडे बोट दाखवलं. खोलीला कुलूप होतं.

घरी आलो. साडेसातची मालिका लागली होती. नायिका हॉलमध्ये उभी, अख्खं खानदान गोल करून उभं, प्रत्येकाचा चेहरा तीनतीनदा. टेबलावर घटस्फोटाचे कागद. तिनं पेन उचललं, सही केली, विषय संपला. मावशी पायाखाली उशी घेऊन पडल्या पडल्या म्हणाली, "हिचं बरंय. हिच्या सहीनं काहीतरी होतं तरी."

गंमत अशी की नेमकं उलटं आहे.

हॉलमध्ये केलेल्या त्या सहीला कायद्यात रद्दीची किंमत. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब प्रमाणे परस्परसंमतीनं घटस्फोट घ्यायचा तरी आधी वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं, कोर्टात दोघांचा एकत्र अर्ज लागतो, आणि मग सहा महिने थांबायचं. ही सहा महिन्यांची अट योग्य प्रकरणात न्यायाधीश माफ करू शकतात, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये सांगितलं. हे सगळं दाखवायला मालिकेला वेळ नसतो. एकाच चहात विष पडायला मात्र तीन एपिसोड मिळतात. हसण्यावारी नेलं असतं, पण आमच्या गल्लीतल्या एका बाईकडून नवऱ्यानं शंभराच्या स्टॅम्पपेपरवर सोडचिठ्ठी लिहून घेतली आणि तिला वाटलं, संपलं. पोटगी मागायला गेलीच नाही. मुळात रीतसर घटस्फोट झाला तरी दुसरं लग्न करेपर्यंत पोटगी मागता येते, हे तिला सांगणार कोण? तिचा कायद्याचा क्लास रोज साडेसातला भरतो.

आणि जिथे बाईची एकटीची सही पुरेशी आहे, तिथे आपण नवऱ्याला शोधत फिरतो. सज्ञान, शुद्धीवर असलेल्या बाईच्या शरीरावर शस्त्रक्रिया करायला तिची संमती लागते, तिच्या नवऱ्याची नाही. गर्भपाताच्या १९७१ च्या कायद्यातही सज्ञान बाईची स्वतःचीच संमती आहे. नवऱ्याच्या संमतीची अट त्यात कुठेच नाही. २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं वर हेही नोंदवलं की डॉक्टर घरच्यांची संमती आणा वगैरे कायद्यात नसलेल्या अटी घालतात. म्हणजे आमच्या काउंटरवरच्या मुलीचा 'नियम' दिल्लीपर्यंत माहीत आहे.

दिल्लीवरून आठवलं. १९९५ मध्ये तिथली एक ४४ वर्षांची अविवाहित बाई जास्त रक्तस्राव होतो म्हणून दुर्बिणीच्या तपासणीला गेली. ती भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन तिचं गर्भाशय आणि बीजाशय काढून टाकले. शुद्धीवर आल्यावर तिला कळलं. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, तपासणीची संमती म्हणजे काढून टाकायची संमती नव्हे, आणि पेशंट सज्ञान असताना आईची संमती चालणार नाही. भरपाई मिळाली २५,००० रुपये. तेरा वर्षं लढून. हा आकडा वाचला की मला दर वेळी पाणी प्यावं लागतं.

कुणी म्हणेल, नवऱ्याला सांगायला नको का? सांगा की. मावशीनं काकांना त्याच संध्याकाळी फोन केला, काका ढाब्यावरून रडवेले झाले. सांगणं वेगळं आणि परवानगी घेणं वेगळं. दवाखान्यांची भीतीही मी समजू शकते. उद्या नातेवाईक येऊन काचा फोडतात. पण काकांच्या हर्नियाच्या वेळी त्यांची सही त्यांनीच केली होती. मावशीची घेतली ती साक्षीदार म्हणून. ती नसती तर शेजारच्या कॉटवाल्याची चालली असती.

मालिकेतल्या बाईला शरीरच नसतं, हा माझा जुना राग. चाळीशीतल्या, पन्नाशीतल्या एवढ्या सासवा, पण पाळी जायच्या वयात कुणाला दरदरून घाम फुटल्याचं मला तरी आठवत नाही. गर्भाशय असतं ते फक्त गोड बातमीपुरतं. डॉक्टर घरी येतात, नाडी धरतात, पेढे वाटा म्हणतात. 'होणार सून मी ह्या घरची'मधली जान्हवी इतके महिने गरोदर होती की व्हॉट्सअ‍ॅपवर त्याचे विनोद तिच्या बाळाआधी जन्माला आले.

बीडमध्ये २०१९ साली ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ बायकांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. तिथे नवरा-बायको मिळून एक 'कोयता', म्हणजे कामाला एकच जोडी धरतात, मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, आधीच घेतलेली, एका दिवसाचा खाडा पडला की दंड. पाळीत पोट दुखलं तरी खाडाच. फडावर संडास नाही, पाणी नाही. अशा बाईला कुणी "ठेवून करायचंय काय" विचारलं की ती काय उत्तर देणार? तिथे कागदावर सही तिची असेलही. ती संमती होती का, हा प्रश्न कुठल्याच फॉर्मवर नाही. आणि ती बाई कुठल्याच मालिकेची नायिका नाही.

तर मावशी. काका यायच्या आत आम्ही दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी आधी रक्त वाढवायला सांगितलं, मग कागदावर चित्र काढून गाठ कुठे आहे, नुसती गाठ काढता येते का, गोळ्यांनी काय होईल, पिशवी काढली तर पुढे काय, सगळं सांगितलं. अर्धा तास. मावशीनं आठ प्रश्न विचारले. मी मोजले, कारण लग्नानंतर तिनं सलग इतके प्रश्न कुणाला विचारलेले मी पाहिले नव्हते. गाठच काढायची ठरली.

फॉर्म आला. मावशीनं चष्मा पुसला, पेन हातात घेतलं आणि थांबली. "नावामागे सौ. लावायचं का?"

"नुसती सही करा हो," बाई म्हणाल्या.