लाईटनं म्हणे औषधाचं विष होतं!

निपाणी-खानापूरकडच्या ग्रुपांवर कॅन्सरच्या ‘लाईट’बद्दल, म्हणजे किरणोपचाराबद्दल, एक मेसेज फिरतोय: ‘लाईट चालू असताना केमोचं सलाईन घेऊ नका. किरणांनी औषध फुटून विष होतं, म्हणून उलट्या होतात. शुगर-बीपीच्या गोळ्याही बंद ठेवा.’ आमच्या गल्लीतल्या अक्कांनी परवा बेळगावात मशीनखाली जाण्याआधी पदराला बांधलेली गोळ्यांची पट्टी सोडून जावयाच्या हातात दिली. “फुटायला नकोत,” म्हणाल्या.

किरणांनी रेणू फुटतात, हे खरंच आहे. पण किती? तंबाखूच्या या मुलखाला ओळखीच्या तोंडाच्या कॅन्सरला रोज साधारण २ ग्रे (ग्रे म्हणजे किरणांच्या डोसाचं माप) देतात; सहा-सात आठवड्यांत ६० ते ७०. इंजेक्शनच्या सिरिंजा गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात, तो डोस सहसा २५,००० ग्रे असतो. काही औषधंसुद्धा तशीच निर्जंतुक करतात आणि ती चालतात. शिवाय शरीर बहुतेक पाणीच. किरण आधी पाण्याचे रेणू फोडतात आणि ते तुकडे शेजारी जे सापडेल त्याला डसतात. त्या गर्दीत प्रथिनं, साखर, चरबी खच्चून भरलेली, औषध चिमूटभर. त्याच्या वाट्याला कितीसं येणार?

गंमत म्हणजे औषध हवं तिथं फुटावं, म्हणून शास्त्रज्ञांनीच खटपट केली. डीएनएतल्या थायमिन या घटकाच्या जागी ब्रोमीन असलेला रेणू बसवायचा. किरणांनी सुटलेला इलेक्ट्रॉन त्याला धडकला की ब्रोमीन निखळतो आणि उरलेला तुकडा डीएनएचा धागाच तोडतो. नेहमीच्या उपचारात ते औषध काही रुळलं नाही. पण मेसेजवाला ज्याला भितो, तेच इथं हवं होतं!

उलट्या? त्या सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध न फुटताही होतात. त्यासाठी आधी वेगळं इंजेक्शन देतात.

‘लाईट चालू असताना केमो घेऊ नका’ हा सल्ला मात्र घातक. सिस्प्लॅटिन डीएनएला चिकटतं, किरणांनी केलेली मोडतोड पेशीला सांधू देत नाही. म्हणून तर ते लाईटच्या दिवसांतच द्यायचं. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये पाच चाचण्यांनंतर १९९९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेनं डॉक्टरांना हेच कळवलं. जोडीनं दिल्यावर त्रास वाढतो, खरं आहे; काही औषधं लाईटसोबत टाळतातही. ते डॉक्टर ठरवतील, ग्रुप ॲडमिन नव्हे.

शुगरची गोळी बंद केली तर शुगर वाढेल, एवढंच.

अक्कांचं सोमवारी सलाईन आहे. पट्टी परत पदराला बांधलीय.