‘स्पष्टवक्ता’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

‘स्पष्टवक्ता’,

नॅनोकणांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया दोनदा वाचली. मुद्दे तीन आहेत, पण मला लागलं ते पहिलं वाक्य: ‘चौथ्या शतकातल्या रोमन कारागिराला नॅनोतंत्रज्ञानाचं श्रेय देणं म्हणजे पुष्पक विमान उडवणं. आधी विज्ञान वाचा, मग लिहा.’ मतभेद खुशाल असू द्या, पण ही काय बोलायची रीत झाली? टोपणनावाआडून कुणालाही ‘आधी वाचा’ म्हणता येतं.

शीर्षक जरा भडक होतं, हे मान्य. ते बदलतो. पण आत मी काय लिहिलं होतं? त्या रोमन कारागिराने घडवलेला काचेचा लायकर्गस चषक ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. उजेड बाहेरून पडला तर काच गढूळ हिरवी दिसते, आतून दिवा धरला तर लालभडक. तिच्यात दशलक्ष भागांत सुमारे ३०० भाग चांदी आणि ४० भाग सोनं आहे, तेही ५० ते १०० नॅनोमीटरच्या (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) कणांच्या रूपात. रंगाचा हा खेळ करणारे हे कण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेले आहेत. पुष्पक विमानाचा एखादा तुकडा कुणी असा तपासलाय का? मग ही तुलना कशासाठी?

कारागिराला कण ठाऊक होते असं मी कुठेच म्हटलेलं नाही. सोनं काचेत योगायोगाने आलं असेल, हेही लेखात आहे. पण चषकावरचा, वेलींत जखडलेला लायकर्गस राजा काही योगायोगाने कोरला गेलेला नाही. काचेची इतकी नाजूक जाळी कोरणारा माणूस ती एकदाही उजेडासमोर धरत नसेल, हे मला पटत नाही. आणि इंग्लिश शास्त्रज्ञ मायकेल फॅरडेचं काय? त्याने १८५७ साली सोन्याच्या क्षारापासून माणकासारखा लाल द्राव बनवला आणि ही लाली सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांची आहे असं मांडलं. ते कण त्यालाही दिसत नव्हते! लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्याच्या बाटल्या अजून आहेत, लालीसकट. त्यालाही विमानात बसवणार का? कोविडच्या काळात घरोघरी चाचणीचं जे किट वापरलं, त्यातल्या बहुतेकांत ती लालसर रेघ सोन्याच्या नॅनोकणांचीच होती. थेंब पट्टीवर पुढे सरकतो, प्रतिपिंडं चिकटवलेले कण विषाणूचं प्रथिन पकडतात, रेषेवर येऊन अडकतात आणि गर्दी झाली की रंग दिसतो. चषक, बाटली आणि किट यांना जोडणारा सोन्याच्या सूक्ष्म कणांचा हा धागा हाच माझा लेख होता.

आता ‘विज्ञान वाचा’बद्दल. मी रसायनशास्त्राचा पदवीधर आहे आणि उमेदीची वर्षं रंगाच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत काढली आहेत. निळी पेस्ट बीड मिलमधून (बारीक मण्यांनी दळणाऱ्या यंत्रातून) फिरायची, आम्ही थोडी थोडी काढून हेगमन गेजवर (दाण्याची बारकाई मोजायच्या पोलादी ठोकळ्यावर) पट्टीने ओढायचो आणि दाणा कुठवर मोडलाय ते तिरकं धरून बघायचो. दाणा मोडत जाई तसा तोच निळा गडद होई, रंगद्रव्य एक ग्रॅमही न वाढवता. तिथला हिशेब मायक्रॉनचा, म्हणजे हजार नॅनोमीटरचा होता, नॅनोमीटरचा नव्हे. तरी कणाच्या आकारावर रंग फिरतो, हे मी पुस्तकात सापडण्याआधी डोळ्यांनी पाहिलंय. त्यामुळे मला हे शिकवायला येऊ नका.

बाकीचं थोडक्यात. व्हँटाब्लॅक हा अतिकाळा लेप नेहमीच्या अर्थाने रंग नाही, हे तुम्ही मला सांगताय. लेखात ते आहेच. कार्बन नॅनोट्यूबचं, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांचं, ते दाट रान ९९.९६५ टक्के उजेड गिळतं. कलेसाठी ते वापरण्याचा हक्क २०१६ साली एकट्या शिल्पकार अनिश कपूर यांना मिळाला, हे योग्य की अयोग्य यात मला आत्ता शिरायचं नाही. वास येऊ नये म्हणून मोज्यांत घातलेली चांदी धुण्याच्या पाण्यातून वाहून जाते, ही तुमची तक्रार वेगळ्या लेखाची आहे. जमेल तेव्हा लिहीन.

चषकाबद्दल काही शंका असेल तर जरूर लिहा, उत्तर देईन. माझ्या वाचनाबद्दलचे शेरे मात्र यापुढे इथे ठेवणार नाही.