पहाटे चारचे पोहे आणि घसारा

चॅम्पियन्स लीग या युरोपच्या फुटबॉल स्पर्धेचे सामने हिवाळ्यात आपल्याकडे रात्री दीडला सुरू होतात आणि साडेतीनच्या सुमारास संपतात. त्यानंतर झोपावं तर सकाळी जाग येत नाही, जागं राहावं तर भूक लागते. पुण्यात नळस्टॉपला पहाटे पोह्यांच्या गाड्या लागतात, ही या शहराने आमच्यासारख्यांची केलेली सोय. एका बंद दुकानाच्या पायऱ्या हा आमचा कट्टा. सामन्याबद्दल काही लिहीत नाही. मंद्या मँचेस्टर सिटीवाला आहे आणि तो हे वाचणार आहे.

भांडण लागलं ते त्याच्याच वाक्यावरून. "मालकाच्या खिशात पैसे आहेत, त्याला खर्च करायचेत. तुमच्या पोटात का दुखतं?"

हे त्याने अव्यासमोर बोलायला नको होतं. अव्या एव्हर्टन या इंग्लंडमधल्या क्लबचा. कोथरूडमध्ये एव्हर्टनचा दुसरा माणूस माझ्या पाहण्यात नाही. २००२ साली सोळा वर्षांच्या रूनीने आर्सेनलला मारलेला गोल त्याने टीव्हीवर पाहिला आणि गाठ बांधली ती कायमची. दोन वर्षांत रूनी मँचेस्टर युनायटेडला गेला. अव्या राहिला.

"दुखतं, कारण प्रीमियर लीगने आमचे दहा पॉइंट कापले," अव्या म्हणाला. "नोव्हेंबर २०२३. लीगचा नियम असा, की तीन वर्षांत मिळून साडेदहा कोटी पौंड तोटा चालतो. आमचा झाला बारा कोटी पंचेचाळीस लाख. त्या वरच्या एक कोटी पंचाण्णव लाखांना दहा पॉइंट! अपिलात सहा केले, मग एप्रिलमध्ये दुसऱ्या केसमध्ये आणखी दोन घेतले. आम्ही सांगत होतो, बाबांनो, नवं स्टेडियम बांधतोय, त्याच्या व्याजाचं तरी बघा. नाही ऐकलं."

"आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट?" मी काडी टाकली.

"तेच तर! त्यांना मर्यादा सहा कोटी दहा लाखांची, कारण तीनपैकी दोन हंगाम खालच्या डिव्हिजनमध्ये होते. तीन कोटी पंचेचाळीस लाखांनी पुढे गेले. कापले किती? चार!"

"त्यांनी लवकर कबूल केलं. कागदपत्रं निमूट दिली," केतकी म्हणाली.

"म्हणजे कॉपी पकडल्यावर रडलं की सुपरवायझर सोडतो, तसं."

केतकी न्यूकॅसलची. दोन वर्षं तिथे शिकायला होती, तेव्हा थंडीने आणि फुटबॉलने ती धरली, थंडी सुटली. नंदूदादा सीए आहे आणि कुठल्याच क्लबचा नाही. सामना बघताना तो पेंगतो आणि ताळेबंद निघाला की जागा होतो.

"तुमच्यावर फेब्रुवारी २०२३ मध्ये लीगचे नियम मोडल्याचे एकशेपंधरा आरोप," अव्या मंद्याकडे वळला. "आमच्यावर मार्चमध्ये एक. आमचा निकाल नोव्हेंबरात हातात. तुमची सुनावणीच उभी राहिली सप्टेंबर २०२४ मध्ये. गरिबाची फाइल कशी पळते बघ."

"आम्ही सगळे आरोप नाकारलेत," मंद्या म्हणाला. 'आम्ही' असंच म्हणाला, जणू अबुधाबीतल्या मालकाचा फोन आधी याला येतो. "युएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेने, दोन वर्षं बंदी घातली होती, ती क्रीडा लवादाने २०२० मध्ये उठवली. दंड तीन कोटी युरोंचा एक कोटीवर आणला."

"म्हणजे एक कोटी भरलाच की!"

पोहे आले. वरून शेव, बाजूला लिंबाची ती पारदर्शक फोड, जिच्यातून काहीही निघत नाही. पाच मिनिटं शांतता.

मग केतकीने तिचा मुद्दा काढला, आणि त्या रात्रीचा मला सगळ्यात पटलेला मुद्दा तोच. ती म्हणाली, हा नियम म्हणजे आपली विसर्जन मिरवणूक आहे. आधी कसबा, मग तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग, केसरीवाडा. मानाचे पाच. तुमच्या मंडळाकडे कितीही वर्गणी जमू दे, कुणी बिल्डर मागे उभा राहू दे, पन्नास पथकं लावा, तुमचा नंबर यायचा तेव्हाच येणार. अलका चौकात पोहोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडलेला असतो.

"ऑक्टोबर २०२१ मध्ये सौदीच्या सरकारी निधीने आमचा क्लब घेतला. सगळे म्हणाले, आता हे बाजार उठवणार. आणि २०२४ च्या जूनमध्ये आम्ही काय करत होतो? तीस तारखेच्या आत कुणाला विकता येईल याची यादी. जगातला सर्वांत श्रीमंत मालक, आणि पोरं विकतोय! का? तर आमचं उत्पन्न कमी. युनायटेडचं जास्त, म्हणून त्यांना जास्त खर्च चालतो. आणि उत्पन्न जास्त का, तर वीस-तीस वर्षांपूर्वी त्यांनी हवा तसा खर्च करून कप जिंकले तेव्हा नियमच नव्हता."

"कसब्याचा मान परंपरेने आलाय," मी म्हणालो. "युनायटेडला मान कुणी दिला?"

"टीव्हीवाल्यांनी," अव्या.

"पण २०२५ मध्ये लीग कप जिंकलात की," मंद्या.

"सत्तर वर्षांनी, मंद्या. सत्तर. १९५५ नंतर देशातला पहिला मोठा कप. माझ्या तिथल्या घरमालकीणबाईंनी शेवटचा पाहिला तेव्हा त्या फ्रॉकमध्ये होत्या."

"पोरं का विकली ते मी सांगतो," नंदूदादा म्हणाला आणि त्याने बशी खाली ठेवली. बशी खाली ठेवली म्हणजे दहा मिनिटं गेली. पण नंदूदादाचं हे दर वेळी होतं: फुटबॉलचं जे पाच वर्षं कुणी समजावलं नाही ते तो रिक्षाच्या उदाहरणाने समजावतो.

"तू रिक्षा घेतलीस. अख्खी किंमत पहिल्याच वर्षी खर्चात टाकतोस का? नाही. घसारा काढतोस. खेळाडूचं तसंच. दहा कोटीला आणला, पाच वर्षांचा करार, तर वह्यांमध्ये वर्षाला दोन कोटी. चेल्सीने काय केलं? एन्झो फर्नांडिस, दहा कोटी अडुसष्ट लाख पौंड, करार साडेआठ वर्षांचा. वर्षाला साडेबारा लाख..."

"कोटी ना?"

"एक कोटी पंचवीस लाख. तू मध्ये बोलू नकोस, शून्य सांडतं. तेच पाच वर्षांत टाकलं असतं तर वर्षाला दोन कोटी तेरा-चौदा लाख. म्हणून आठ वर्षं. मग आधी युएफाने आणि २०२३ च्या डिसेंबरात प्रीमियर लीगने सांगितलं, करार हवा तेवढा करा, घसारा जास्तीत जास्त पाच वर्षांचा."

"आणि पोरं?"

"घरचं पोर फुकट मिळालं. वह्यांमध्ये किंमत शून्य. म्हणून साडेतीन कोटीला विकलं की साडेतीन कोटी सगळेच्या सगळे नफा, आणि तोही लगेच, त्याच वर्षी. बाहेरून आणलेला विकलास तर आधी उरलेली किंमत वजा. आता तू मॅनेजर आहेस, तीस जूनला वर्ष संपतंय. कुणाला विकशील?"

इलियट अँडरसन न्यूकॅसलच्या अकादमीत लहानाचा मोठा झालेला. २०२४ च्या त्या जूनअखेर तो फॉरेस्टला गेला आणि पुढच्या वर्षी इंग्लंडकडून खेळलासुद्धा. केतकी त्याचं नाव निघालं की आजही दुसरीकडे बघते. क्लब टिकावा म्हणून केलेला नियम क्लबला गावातलीच पोरं आधी विकायला लावतो, हे जमाखर्चाच्या दृष्टीने बिनचूक असेल. माणसाच्या दृष्टीने मला ते कधीच पचलेलं नाही.

"चेल्सीला पोरं कमी पडली, तर त्यांनी हॉटेलं विकली," अव्या म्हणाला. "दोन हॉटेलं. स्वतःच्याच दुसऱ्या कंपनीला. सात कोटी पासष्ट लाख!"

"डाव्या खिशातून उजव्या खिशात," नंदूदादा खूश होऊन म्हणाला. अशा गोष्टींनी त्याला जे समाधान मिळतं ते आम्हाला गोलने मिळतं. "प्रीमियर लीगने किंमत तपासून मान्य केलं. युएफाने नाही केलं, २०२५ मध्ये संघावरच्या जास्त खर्चासकट सगळ्याचा मिळून दंड लावला, तीन कोटी दहा लाख युरो. आणि आता प्रीमियर लीग २०२६-२७ पासून तोटा मोजायचंच सोडतेय. उत्पन्नाच्या ८५ टक्क्यांपर्यंत संघावर खर्च करा, बस. युएफाचं तेच ७० टक्के."

"म्हणजे परत ज्याचं उत्पन्न जास्त तो..." केतकी.

"परत कसबा पहिला," मी.

यावर मंद्याला वाटलं की आपण जिंकलो. "मग काढून टाका ना नियम!"

अव्याने तोपर्यंत दुसरा चहा मागवला होता. तो शांतपणे म्हणाला, "लीड्स आठवतं? २००१ ला चॅम्पियन्स लीगची सेमी. पुढच्या वर्षांच्या उत्पन्नावर कर्ज काढून ठेवलं होतं. २००४ ला खाली, २००७ ला दिवाळं आणि तिसऱ्या डिव्हिजनमध्ये. पोर्ट्समथ २०१० मध्ये एफए कपची फायनल खेळलं तेव्हा दिवाळखोरीत होतं. नियम काढ, आणि असे दरवर्षी दोन बघ."

केतकीने जर्मनीचं काढलं. तिथे निम्म्याहून एक मत तरी जास्त सभासदांच्या हातात लागतं, एकटा धनिक येऊन क्लब खिशात घालू शकत नाही. सभासदांचा क्लब, सभासदांची सभा.

"आपले सहकारी साखर कारखाने," मंद्या म्हणाला. "ते कुणी बुडवले?"

खरं सांगायचं तर याला उत्तर नव्हतं. वर नंदूदादाने भर घातली, की त्याच जर्मनीत बायर्नने ओळीने अकरा वेळा लीग जिंकली, आणि २०२४ मध्ये तो सिलसिला मोडला लेव्हरकुसेनने, जे सभासदांच्या नियमाला अपवाद म्हणून औषध कंपनीच्या मालकीचे आहेत.

इथे मी बोललो. मी कुठल्या क्लबचा, हे मला कट्ट्यावर कुणी विचारत नाही. विचारलं तर विषय बदलतो. माझा क्लब बालेवाडीला खेळायचा. एफसी पुणे सिटी. इंडियन सुपर लीगच्या, म्हणजे आयएसएलच्या, २०१४ च्या पहिल्या हंगामात ट्रेझेगे आमच्याकडून खेळला, वर्ल्ड कप जिंकलेला ट्रेझेगे. २०१८ च्या मार्चमध्ये आम्ही सेमीफायनलला होतो. बालेवाडीला शून्य-शून्य, आणि बेंगळुरूत छेत्रीने तीन मारले. पुढच्या वर्षी हंगाम संपला आणि ऑगस्ट २०१९ मध्ये आमच्या जागी हैदराबादचा संघ आला. त्याच ऑगस्टमध्ये इंग्लंडमध्ये बरी नावाचा १८८५ सालचा क्लब लीगमधून काढला.

"आणि आम्ही एकटे नाही," मी म्हणालो. "पुणे एफसी २०१२-१३ ला आय-लीगमध्ये दुसरे आले, २०१५ ला बंद. भारत एफसी एक हंगाम. डीएसके शिवाजीयन्स दोन हंगाम. २०१५ ते २०१९, पाच वर्षांत एका शहराने चार क्लब घालवले. यांच्यापैकी कुणाचे दहा पॉइंट कापले? आयएसएलमध्ये पगाराला मर्यादा होतीच ना? खर्च किती करायचा हे ठरलेलं होतं. निघून कसं जायचं हे कुणी ठरवलं नव्हतं."

"आपली जागा पुढे २०२२ ला चॅम्पियन झाली," अव्या म्हणाला. त्याला बोचवायचं नव्हतं.

"हैदराबाद झालं. आणि २०२५ मध्ये ते दिल्लीला गेलं. रिक्षाचं परमिट आहे का रे ते?"

कुणी हसलं नाही. बरीच्या लोकांनी पुढे मैदान परत मिळवलं, २०२३ पासून त्याच नावाने खालच्या लीगमध्ये खेळतात. इंग्लंडमध्ये २०२५ च्या कायद्याने स्वतंत्र नियामक आला: लायसन्स लागणार, मालकाची चौकशी होणार, मैदान विकायचं तर परवानगी. आम्ही बालेवाडीला काय परत मिळवणार? मैदान सरकारचं, परमिट लीगचं, खेळाडू करारावर. आमच्याकडे होते ते फक्त नारिंगी टी-शर्ट.

"सोसायटीत सिंकिंग फंड असतो," नंदूदादा विचार करत म्हणाला. "बिल्डर गेला तरी लिफ्ट दुरुस्त होते. क्लब घेतानाच मालकाकडून ठेव घ्यायची. दोन वर्षांचा पगार आणि मैदानाचं भाडं, बँकेत. तू गेलास तर गेलास, संघ दोन वर्षं चालेल, तोवर दुसरा कुणी शोधू. खर्चाला वर मर्यादा घालण्यापेक्षा खाली तळ घाला."

मला हे इतकं पटलं की मी त्याच्या पोह्यांचे पैसे द्यायला उठलो.

"ठेव मागितली असती," मंद्या म्हणाला, "तर २०१४ ला पुण्यात क्लब काढायला कोण आलं असतं?"

मी बसलो.

"कोणी नाही," नंदूदादा म्हणाला.

"म्हणजे ट्रेझेगे नाही, सेमीफायनल नाही, याचा टी-शर्ट नाही. पाच वर्षंसुद्धा नाहीत."

"ती पाच वर्षं हवी होती का तुला?" केतकीने मला विचारलं. "नीट सांग. असं संपणार हे माहीत असतं तरी?"

गाडीवाल्याने नवा घाणा काढला होता, फोडणीचा वास पुलाखाली भरून राहिला. अव्या माझ्याकडे बघत होता. त्याच्या क्लबचे आठ पॉइंट कापले होते, पण क्लब अजून दर शनिवारी खेळतो.

"हो," मी म्हणालो. "पण पहिल्या वर्षी तिकीट काढताना कुणी सांगितलं असतं तर मी जरा मागच्या रांगेत बसलो असतो."