जुना लेथ बघायला जाताना डायल गेज घरी ठेवा

जुना लेथ, म्हणजे धातूचा रॉड फिरवत टूलनं कापायचं यंत्र, बघायला रिकाम्या हातांनी जा. बारीक फरक मोजणारं डायल गेज, मॅग्नेटिक स्टँड, दीड फूट सरळ रॉड असलं काही पिशवीत दिसलं, की विकणाऱ्याला वाटतं आपल्यावर विश्वास नाही. त्यानं 'चालू कंडिशन' म्हटलं की विषय संपला. मोटर लावा, आवाज ऐका, मान डोलवा. रॉड पकडून फिरवणारा चक रिकामा असला, की कुठल्याही लेथवर गोडच फिरतो. कट मारून बघू म्हणत रंगाचा बेरंग कशाला?

एखादा आगाऊ जाणकार सोबत आलाच, तर त्याला बेडपासून, म्हणजे लेथच्या लांब लोखंडी पायापासून, लांब ठेवा. तो बेडवर सरकणारं, टूल वाहणारं सॅडल चकजवळ नेईल, त्याचा सैलपणा काढणारी पट्टी, म्हणजे जिब, जेमतेम लागेपर्यंत कसेल आणि हँडव्हील फिरवून ते टेलस्टॉककडे, म्हणजे चकसमोरच्या दुसऱ्या टोकाकडे, न्यायला लागेल. निम्म्यात ते अडकलं, की म्हणेल, 'बेड खाल्लाय.' खाल्लेला असणारच! बरीचशी कामं आखूड, त्यामुळे सॅडल जन्मभर घासलं ते चकसमोरच्या हातभर पट्ट्यात. टेलस्टॉककडचा बेड जवळजवळ कोराच राहतो. उपाय सोपा आहे: जिब ढिली करा. सॅडल या टोकापासून त्या टोकापर्यंत लोण्यासारखं फिरेल. चकजवळ ते डुलेल, पण डुलणं काही पावतीवर लिहून देत नाहीत.

विकणारा सांगेल, 'बेड झिजून टूल 0.1 मिमी खाली बसलं तर 50 मिमीच्या रॉडवर काय फरक पडतो?' आणि हे खरंच आहे. नुसतं खाली बसलं तर व्यासात एका मायक्रॉनचाही फरक पडत नाही. एवढं ऐकून उठा. पुढचं ऐकलंत तर झोप उडेल, ते असं की कटचा दाब बेडच्या पुढच्या व्हीवर, म्हणजे सॅडल सरकतं त्या उलट्या व्ही आकाराच्या पट्टीवर येतो, म्हणून ती मागच्या पट्टीपेक्षा जास्त झिजते. सॅडल तुमच्याकडे कलतं आणि वरचं टूल कामापासून मागे सरतं. ते 0.07 मागे गेलं की व्यास 0.14 नं वाढला. मग बेअरिंगची सीट टोकाला सैल आणि चकच्या बाजूला बेअरिंग चढेना. बेअरिंग डुप्लिकेट आहे म्हणा.

आट्यांचं माप बदलायला लावायचे चेंज गिअर मोजू नका. चार्टवर जितके आकडे तितके गिअर मागणं हावरटपणा झाला. विशेषतः आटे काढताना सॅडल ओढणारा लांब लीड स्क्रू इंची असेल, तर 127 दातांचा गिअर आहे का, हे अजिबात विचारू नका. एक इंच म्हणजे 25.4 मिमी, त्याची पाचपट 127, म्हणून मेट्रिक आटे तंतोतंत काढायला तो लागतो. पण आटे काढायचं तर पुढच्या वर्षी बघू, नाही का?

उचलताना पट्टा लीड स्क्रूखालून घ्या. हाताला सोयीचा, गोल, मधोमध. सॅडल आधी टेलस्टॉककडे सरकवून तोल साधायचा, पट्टा बेडच्या जाड भागाला घ्यायचा, हे वेळ खाणारं काम. लेथ हेडस्टॉककडे, म्हणजे चक फिरवणाऱ्या पेटीकडे, जड आणि वरून जड असतो, एकदा कलला की कुणाचं ऐकत नाही. तेव्हा धरायला माणसं पुढे उभी करा आणि स्वतः व्हिडिओ काढा.

जागेवर बसवल्यावर चारही फाउंडेशन बोल्ट जीव खाऊन कसा. तीन पाय टेकलेत, चौथा हवेत आहे? बोल्ट ओढेल त्याला खाली. सोबत बेडही पिळेल. 0.02 मिमी प्रति मीटरची लेव्हल आणणारे लोक पुढे आणखी एक खूळ काढतात: 30 मिमीचा रॉड चकमधून 150 मिमी बाहेर, टेलस्टॉक न लावता, दोन टोकांना दोन कॉलर (रुंद कडी), एकाच सेटिंगला हलका कट, मग मायक्रोमीटर. दोन्ही व्यासांतला फरक मिटेपर्यंत पायाखाली शिमा, म्हणजे पातळ पत्रे, सरकवायच्या. तुम्ही थेट हेडस्टॉकचे बोल्ट सैल करा आणि तोच फिरवा. नंतर कोणी बेड सरळ केलाच, तर टेपर, म्हणजे व्यासातला उतार, उलट्या बाजूनं येईल, तेवढाच बदल.

टूल मात्र कार्बाइडचंच. 25 मिमीच्या माइल्ड स्टीलला एचएसएस (हाय स्पीड स्टीलचं टूल) 25 मीटर प्रति मिनिटानं, म्हणजे जेमतेम 320 आरपीएमला मुकाट कापतं, पण त्यात काय शान? कार्बाइडला 150 मीटर धरले तर 1,900 आरपीएम हवेत. लेथ 600 ला थांबतो. इन्सर्टची, म्हणजे कार्बाइडच्या बदलत्या तुकड्याची, कड तुटत राहील, फिनिश ओरबाडल्यासारखा येईल. तुम्ही आणखी महाग इन्सर्ट मागवा.

आणि शेवटी तुम्ही मेट्रिक आटे काढायला घेणारच. 127 चा गिअर कुठूनसा मिळवलात, तरी पहिला पास झाला की सॅडल लीड स्क्रूला जोडणारा हाफ नट झटकन उघडा. उलटी मोटर फिरवून टूल मागे आणत बसणं रटाळ आहे. दुसऱ्या पासला टूल जुन्या खाचेत न पडता मधल्या उंचवट्यावर पडेल, तिसऱ्याला आणखी कुठेतरी. एका लांबीत दुप्पट आटे मिळतील. नट चढला नाही तर नट बदला.