ब्रेकमध्ये गिअरबॉक्सचं तेल घालू नका: एमजीबीच्या ‘सोप्या उपायां’ना उत्तर

‘जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचे सात सोपे उपाय, जे मेकॅनिक कधीच सांगणार नाहीत’ असा एक मराठी मेसेज इंग्लंडमधल्या आपल्या लोकांच्या ग्रुपांवर फिरतोय. आला की मी पुढे सरकत होतो. परवा तो माझ्या भाच्याने पाठवला आणि खाली लिहिलं, ‘मामा, तेल आणून ठेवलंय, शनिवारी घालतो.’ त्याच्याकडे १९६५ ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे उघड्या टपाची ब्रिटिश स्पोर्ट्स कार आहे, तारेच्या चाकांची. ते तेल तो ब्रेकमध्ये घालणार होता. त्याला फोनवर सांगून झालं, पण हाच मेसेज आणखी किती जणांनी खरा मानला असेल कोण जाणे, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

घरी काम करण्याला माझा विरोध अजिबात नाही. एमजीबी १९६२ ते १९८० या काळात ॲबिंग्डनच्या कारखान्यात पाच लाखांहून जास्त बनली आणि पाने चालवू शकणाऱ्या माणसाला ती घरी दुरुस्त करता येते. १७९८ सीसीचं साधं इंजिन, दोन एसयू कार्ब्युरेटर, बॉनेट उघडलं की सगळं हाताशी. सुटे भाग आजही नवे मिळतात. कारखान्याचं वर्कशॉप मॅन्युअलही मिळतं आणि त्यात प्रत्येक काम पायरीपायरीने दिलेलं आहे. मेसेज लिहिणाऱ्याने ते उघडून पाहिलं असतं तर यातले निम्मे उपाय त्याने लिहिलेच नसते.

सगळ्यात घातक उपाय पहिलाच आहे. मेसेज म्हणतो, ‘ब्रेक फ्लुइड पाणी शोषतं, रंग खातं, दर दोन वर्षांनी बदलावं लागतं. त्याऐवजी ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं लाल तेल घाला, आयुष्यभर बघायला नको. सिट्रोएन आणि रोल्स-रॉइसही ब्रेकमध्ये खनिज तेलच वापरतात.’

यातलं खरं तेवढं आधी देऊन टाकतो. नेहमीचं ब्रेक फ्लुइड ग्लायकॉल या रसायनाचं असतं, आणि ते हवेतली ओल शोषतं. रंगावर सांडलं तर रंग उचकटतो. सिट्रोएनच्या हायड्रॉलिक गाड्यांमध्ये १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून हिरवं खनिज तेल आहे आणि रोल्स-रॉइसनेही १९८० च्या सिल्व्हर स्पिरिटपासून खनिज तेल घेतलं, हेही खरं. पण त्या गाड्यांमधलं प्रत्येक सील, प्रत्येक होज त्याच तेलासाठी वेगळ्या रबराचं केलेलं असतं. एमजीबीच्या ब्रेकमधलं रबर ग्लायकॉलसाठीचं आहे. त्याला खनिज तेल लागलं की ते तेल पितं, फुगतं आणि मऊ पडतं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल म्हणजे खनिज तेलच.

फुगल्यावर काय होतं ते नीट समजून घ्या, कारण ‘आठवडा झाला, काही झालं नाही’ असं सांगणारे इथेच फसतात. मास्टर सिलिंडरमध्ये, म्हणजे पेडल दाबल्यावर फ्लुइडवर दाब आणणाऱ्या भागात, रबरी कपाच्या अगदी पुढे एक बारीक भोक असतं. पेडल सोडलं की ते उघडं राहतं, आणि ब्रेक तापून पसरलेलं फ्लुइड त्यातून टाकीत परत जातं. कप थोडासा जरी फुगला तरी त्याची कड ते भोक झाकते. मग पाय काढला तरी दाब उतरत नाही. पॅड डिस्कला घासत राहतात, घासल्याने तापतात, तापल्याने फ्लुइड आणखी पसरतं, दाब आणखी वाढतो. चालवणाऱ्याला वाटतं गाडी आज जड चालतेय. थोड्या वेळाने चाकं धरून ठेवल्यासारखी होतात. एवढ्यात गाडी थांबवली तर नशीब. नाही थांबवली तर पुढचा टप्पा असा की मऊ झालेला कप दाबाखाली फाटतो किंवा त्याची कड उलटते, आणि पेडल थेट तळाला जातं. सुरुवातीच्या एमजीबीत चारही चाकांना मिळून एकच हायड्रॉलिक सर्किट आहे. भाच्याची गाडी त्यातलीच. ते सर्किट गेलं की उरतो फक्त मागच्या ड्रमवर चालणारा, केबलचा हँडब्रेक. मोटरवेवर सत्तर मैलांच्या वेगाला त्याच्यावर किती विसंबणार?

वर्कशॉप मॅन्युअल याबाबतीत इतकं कडक आहे की ब्रेकचे रबरी भाग पेट्रोलने, पॅराफिनने किंवा कुठल्याही खनिज तेलाने नुसते पुसायलाही मनाई आहे. मेथिलेटेड स्पिरिट किंवा स्वच्छ ब्रेक फ्लुइड, एवढंच चालतं. जिथे पुसायची मनाई आहे तिथे हा माणूस टाकी भरायला सांगतोय. विश्वास बसत नसेल तर जुन्या किटमधलं एक सील काचेच्या बरणीत त्या लाल तेलात टाका, तसंच दुसरं ब्रेक फ्लुइडमध्ये टाका आणि काही दिवसांनी दोन्ही शेजारी ठेवून बघा.

ओल शोषण्याचा मुद्दाही अर्धाच सांगितलाय. डॉट ४ दर्जाचं ग्लायकॉल फ्लुइड कोरडं असताना किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतं, ओल धरल्यावर ही मर्यादा १५५ वर येते. म्हणूनच ते दोन वर्षांनी बदलायचं. पण तेलात पाणी मिसळतच नाही. ते थेंब होऊन सगळ्यात खालच्या जागी, म्हणजे पुढच्या चाकांचे पॅड दाबणाऱ्या कॅलिपरमध्ये किंवा मागच्या चाकांचे शू ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरमध्ये जाऊन बसतं, तिथे गंज धरतं आणि ब्रेक तापले की शंभर अंशांच्या आसपास त्याची वाफ होते. वाफ दाबली जाते, चाक थांबत नाही.

रंगाचीच एवढी काळजी असेल तर सिलिकॉनचं डॉट ५ मिळतं. ते रंग खात नाही, ओल शोषत नाही आणि या रबराला चालतं. जुनं फ्लुइड पूर्ण काढून, शक्यतो नवी सील बसवूनच ते भरायचं, दोन्हींची भेसळ करायची नाही. आणि बाटली घेताना आकडा दोनदा वाचा: डॉट ५.१ हे सिलिकॉन नाही, ग्लायकॉलच आहे.

दुसरा उपाय तारेच्या चाकांचा. ही चाकं ज्या खाचेदार तुंब्यावर बसतात तो हब. ‘हबचे खाचे एका बाजूने झिजले की डावा हब उजवीकडे आणि उजवा डावीकडे लावा, नवी बाजू वापरात येईल.’ सुचवायला सोपं आहे. पण या हबांचे आटे दोन बाजूंना वेगळे असतात: गाडीच्या डाव्या बाजूला सरळ आटे, उजव्या बाजूला उलटे. मधला नट गाडी पुढे जाताना घट्ट होत राहावा म्हणून ही रचना आहे. हब अदलाबदल केले की तोच नट पुढे जाताना सुटत जातो आणि चाक गाडी सोडून जातं. नटावर ‘अनडू’ असं लिहून बाण कोरलेला असतो तो त्याचसाठी. मागचा ॲक्सल जुन्या गाडीवरून काढून आणला असेल तर बसवण्याआधी दोन्ही बाजूंचे आटे तपासा. आणि खाचे झिजले असतील तर हब नवा घ्यावा लागतो, सोबत चाकही. झिजलेल्या चाकाने नवा हब लवकर खराब होतो. हा खर्च टळत नाही.

मागचे ड्रम उघडले की ‘कॉम्प्रेसरच्या हवेने धूळ उडवून टाका, पाच मिनिटांचं काम’ असंही त्यात आहे. ड्रममधल्या ब्रेक शूंच्या जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ब्रिटनने त्यावर संपूर्ण बंदी आणली ती १९९९ साली. गाडीवर कधीचे शू आहेत हे तुम्हाला ठाऊक नसतं, आणि जुन्या सामानाच्या बाजारात तेव्हाचे शू डबाबंद स्थितीत आजही सापडतात. ॲस्बेस्टॉसचे तंतू डोळ्यांना दिसत नाहीत आणि फुप्फुसातला आजार दिसायला कित्येक दशकं जातात. ड्रम ओला करून, ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बंद करा. हवा मारू नका, झाडू नका. मुलं गॅरेजमध्ये घोटाळत असतील तर आधी त्यांना बाहेर काढा.

बाकीचे उपाय थोडक्यात. थर्मोस्टॅट काढून टाकल्याने गाडी तापायची थांबत नाही. इंजिन गार चालतं, चोक जास्त वेळ ओढावा लागतो, झीज वाढते. तापत असेल तर रेडिएटर चोंदलाय का ते बघा. एसयू कार्ब्युरेटरच्या डॅशपॉटमध्ये, म्हणजे त्याच्या पिस्टनची हालचाल संथ करणाऱ्या तेलाच्या नळीत, गिअर ऑइल घातलं तर पिस्टन जडपणे उठतो आणि मिश्रणात पेट्रोल जास्त होतं. वीस ग्रेडचं इंजिन ऑइल घाला. ‘बॅटरी कशीही जोडली तरी चालते’ हे धादांत खोटं आहे. १९६७ पर्यंतच्या एमजीबीत पॉझिटिव्ह अर्थ आहे, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक गाडीच्या सांगाड्याला जोडलेलं, त्यानंतरच्यांत निगेटिव्ह आणि अल्टरनेटर. उलट जोडलं तर अल्टरनेटरचे डायोड जळतात. शिसंविरहित पेट्रोलबद्दलची भीती मात्र अगदीच निराधार नाही, हे नाइलाजाने मान्य करतो. ब्रिटनमध्ये शिसंयुक्त पेट्रोलची सर्वसाधारण विक्री २००० च्या सुरुवातीला बंद झाली, आणि इंजिनाच्या मूळच्या लोखंडी हेडमधल्या व्हॉल्व्ह सीट्स, म्हणजे व्हॉल्व्ह जिथे टेकतात त्या कडा, शिसंविरहित पेट्रोलवर सतत वेगात चालवल्यावर खचतात. पण त्यावरचा उपाय म्हणजे मेसेजमध्ये सांगितलेली, पेट्रोलमध्ये टाकायची पुडी नव्हे. हेड उघडाल तेव्हा कडक सीट्स बसवून घ्या, तोवर जपून चालवा. आणि पंपावर ई१० (दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल) न घेता ई५ (पाच टक्क्यांपर्यंत) घ्या.

शेवटी एमओटीबद्दल, म्हणजे ब्रिटनमधल्या गाड्यांच्या वार्षिक सक्तीच्या तपासणीबद्दल, मेसेज म्हणतो, ‘चाळीस वर्षांपुढच्या गाडीला एमओटी लागत नाही, तेव्हा कोण विचारतंय?’ २०१८ पासून मोठे फेरफार न झालेल्या अशा गाड्यांना एमओटीतून सूट आहे, बरोबर. गाडी रस्त्यावर सुरक्षित असण्याच्या जबाबदारीतून सूट नाही. धोकादायक स्थितीतली गाडी चालवल्यास अडीच हजार पौंडांपर्यंत दंड, तीन पेनल्टी पॉइंट आणि लायसन्सवर बंदी येऊ शकते. आणि वर्षाकाठी दुसरं कुणी ब्रेक तपासणार नसेल, तर ते तपासायचं काम पूर्णपणे तुमच्यावर येतं. पैसे देऊन एमओटी करून घ्यायला आजही कुणी अडवत नाही. मी भाच्याला तेच करायला लावलंय.

ज्यांनी लाल तेल घालून टाकलंय त्यांच्यासाठी: गाडी आहे तिथेच ठेवा, गॅरेजपर्यंतही चालवत नेऊ नका. नुसतं फ्लुइड बदलून भागणार नाही, कारण रबरात मुरलेलं तेल निघत नाही. मास्टर सिलिंडर, पुढचे कॅलिपर, मागचे व्हील सिलिंडर यांची सगळी सील आणि तिन्ही लवचिक होज नवे घ्या. लोखंडी नळ्या मेथिलेटेड स्पिरिटने धुवून कोरड्या करा, मग नवं फ्लुइड भरून ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढा. एमजीबीचा क्लचही हायड्रॉलिक आहे आणि त्याची टाकी ब्रेकच्या शेजारीच असते. तिच्यातही तेल गेलं असेल तर क्लचचे दोन्ही सिलिंडर आणि त्यांचा होज याच यादीत धरा.