राहुल गांधी समोर आहेत म्हणून २०२९ ची निवडणूक आजच ठरली, हे खरे नव्हे

लोकसभेतील विरोधी पक्षनेते राहुल गांधी जोवर काँग्रेसचा चेहरा आहेत, तोवर भाजपचा पराभव अशक्य आहे, हा दावा आता इतक्या वेळा ऐकू येतो की त्याला पुरावा मागण्याची कोणाला गरजही वाटत नाही. त्याच्या पुष्ट्यर्थ साधारणपणे चार कारणे दिली जातात: ते सलग तीन लोकसभा निवडणुका हरले आहेत, विरोधकांकडे पंतप्रधानपदाचा सर्वमान्य उमेदवार नाही, काँग्रेसची मते एकवीस टक्क्यांच्या आसपास अडकली आहेत, आणि २०२४ नंतर एकामागून एक राज्ये विरोधकांच्या हातून निसटली. काँग्रेसच्या विजयाचे भाकीत करण्याचा येथे हेतू नाही. २०२९ मध्ये भाजपच पुन्हा सत्तेवर येण्याची शक्यता आज अधिक दिसते. आक्षेप ‘अशक्य’ या निष्कर्षाला आहे, आणि त्याहून अधिक या चार कारणांना आहे, कारण काँग्रेसपुढची खरी अडचण त्यांपैकी एकातही नीट सांगितलेली नाही.

तीन पराभवांचे कारण लवकर निकालात काढता येते. २०१४ मध्ये काँग्रेस दहा वर्षांच्या सत्तेचे ओझे घेऊन लढली होती, त्यामुळे तो विरोधी नेत्याचा पराभव नव्हता. त्यानंतर जागा ४४ वरून ५२ आणि ५२ वरून ९९ झाल्या. हे यश नव्हे, पण दर वेळी खाली जाणारी रेषाही नव्हे. शिवाय आधीचे पराभव पुढच्या निकालाबद्दल फारसे सांगत नाहीत, हे या देशाने पुरेशा वेळा पाहिले आहे. अटलबिहारी वाजपेयी अध्यक्ष असताना १९८४ मध्ये भाजपला दोन जागा मिळाल्या आणि ते स्वतः ग्वाल्हेरमध्ये माधवराव शिंदे यांच्याकडून पराभूत झाले. १९७७ मध्ये इंदिरा गांधी रायबरेलीतच हरल्या आणि १९८० मध्ये ३५३ जागा घेऊन परतल्या.

दुसऱ्या कारणात अधिक तथ्य आहे, म्हणून त्यावर थोडे थांबणे भाग आहे. २०१४ आणि २०१९ च्या निवडणुका एका व्यक्तीभोवती फिरल्या आणि पसंतीच्या चाचण्यांत राहुल गांधी नरेंद्र मोदींच्या मागेच राहिले, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु आधी चेहरा ठरवल्याखेरीज सत्ताधारी पक्ष हरत नाही, हा नियम इतिहासातून निघत नाही. १९७७ मध्ये मोरारजी देसाई यांचे नाव निकालानंतर ठरले. १९८९ मध्ये जनता दलाच्या संसदीय पक्षाने आधी देवीलाल यांची निवड केली आणि त्यांनी तेथेच विश्वनाथ प्रताप सिंह यांचे नाव पुढे केले. उलट २००९ मध्ये भाजपने विरोधी पक्षनेते लालकृष्ण अडवाणी यांना रीतसर उमेदवार घोषित केले आणि पक्षाच्या जागा १३८ वरून ११६ वर आल्या. बिहारमध्ये २०२५ साली महागठबंधनाने तेजस्वी यादव यांना मुख्यमंत्रिपदाचा चेहरा जाहीर केले, तरी २४३ पैकी २०२ जागा राष्ट्रीय लोकशाही आघाडीला मिळाल्या.

या संदर्भात सर्वांत बोलके उदाहरण २००४ चे आहे, आणि त्यात महाराष्ट्राचा एक धागाही आहे. बाराव्या लोकसभेत विरोधी पक्षनेते असलेले शरद पवार मे १९९९ मध्ये, सोनिया गांधी पंतप्रधानपदाच्या उमेदवार होऊ नयेत या भूमिकेवरून, पी. ए. संगमा आणि तारिक अन्वर यांच्यासह काँग्रेसबाहेर पडले. नेतृत्वाबद्दलची शंका याहून ठळकपणे व्यक्त होणे कठीण. लोकप्रियतेत वाजपेयी सोनियांच्या कितीतरी पुढे होते, डिसेंबर २००३ मध्ये भाजपने मध्य प्रदेश, राजस्थान आणि छत्तीसगड जिंकले होते, आणि ‘इंडिया शायनिंग’च्या जाहिराती सर्वत्र झळकत होत्या. तरीही भाजप १८२ वरून १३८ वर आला, सोनिया गांधी स्वतः पंतप्रधान झाल्या नाहीत, डॉ. मनमोहन सिंग झाले, आणि पवार त्याच सरकारात कृषिमंत्री झाले. विरोधी नेत्याची आघाडी जिंकणे आणि त्या नेत्याने पंतप्रधान होणे हे दोन वेगळे प्रश्न आहेत. वरील दाव्यात ते एकमेकांत मिसळून टाकले जातात.

मतांच्या टक्केवारीचे तिसरे कारणही २००४ पुढे टिकत नाही. १९९९ मध्ये काँग्रेसला सुमारे २८.३ टक्के मते आणि ११४ जागा होत्या. २००४ मध्ये मते सुमारे २६.५ टक्क्यांपर्यंत घटली आणि जागा १४५ झाल्या. मते घटूनही जागा वाढल्या, कारण पक्षाने कमी ठिकाणी, पण योग्य मित्रांसह लढत दिली. आंध्र प्रदेशात काँग्रेस ५ वरून २९ जागांवर गेली, ती वाय. एस. राजशेखर रेड्डी यांची पदयात्रा आणि तेलंगणा राष्ट्र समितीशी केलेली युती यांच्या बळावर. तमिळनाडूत द्रमुकच्या आघाडीने सर्वच्या सर्व ३९ जागा घेतल्या. २०२४ ची २१ टक्के मतेही याच नजरेने वाचली पाहिजेत: काँग्रेसने २०१९ मध्ये ४२१ जागा लढवल्या होत्या, २०२४ मध्ये फक्त ३२८. लढवलेल्या जागा जवळजवळ शंभराने कमी होऊनही देशभरातील मते दीड-पावणेदोन टक्क्यांनी वाढली, ही गोष्ट टक्केवारीचा दाखला देणारे सहसा सांगत नाहीत. स्वतः भाजपने २०१४ मध्ये ३१ टक्के मतांवर २८२ जागा मिळवल्या, तेव्हा टक्केवारी थेट जागांत उतरत नाही याचा सर्वांत मोठा लाभार्थी कोण, हे वेगळे सांगायला नको.

चौथे कारण राज्यांच्या निकालांचे. हरियाणात ऑक्टोबर २०२४ मध्ये भाजप आणि काँग्रेस यांच्या मतांत एका टक्क्याचेही अंतर नव्हते, पण जागा ४८ आणि ३७. महाराष्ट्रात लोकसभेला महाविकास आघाडीला ४८ पैकी ३० जागा मिळाल्या, तेव्हा दोन्ही आघाड्यांची मते जवळजवळ सारखी होती. पाच-सहा महिन्यांत विधानसभेत काँग्रेस १६, शिवसेना (ठाकरे) २० आणि राष्ट्रवादी (शरद पवार) १० अशी वाताहत झाली. दरम्यान लाडक्या बहिणींच्या खात्यांत दरमहा दीड हजार रुपये जमा होऊ लागले होते आणि लोकसभेच्या धक्क्यानंतर महायुतीने आपली यंत्रणा कसून कामाला लावली होती. राहुल गांधी मे महिन्यात होते तेच नोव्हेंबरमध्येही होते. मग यश कोणाचे आणि अपयश कोणाचे? चेहरा तोच राहून निकाल इतका फिरत असेल, तर निकालाचे कारण त्या चेहऱ्यात शोधणे हा आळस आहे. मात्र हाच तर्क काँग्रेसच्या समर्थकांनाही लागू होतो: लोकसभेच्या ३० जागांचे श्रेय केवळ ‘भारत जोडो’ यात्रेला देणारेही तितकेच चुकत होते. कांदा, सोयाबीन, आरक्षणाचे वाद आणि फुटलेल्या दोन पक्षांबद्दलची सहानुभूती यांचा वाटा त्यात मोठा होता.

आता खऱ्या अडचणीकडे. २०२४ मध्ये इंडिया आघाडीला २३४ जागा मिळाल्या, म्हणजे बहुमताला ३८ कमी पडल्या. त्यानंतर आम आदमी पक्ष आघाडीतून बाहेर पडला, त्यामुळे खरे अंतर त्याहून थोडे अधिक आहे. या जागा येणार कोठून? तमिळनाडूत ३९ पैकी ३९ आधीच मिळाल्या आहेत, केरळात वाढ व्हायला जागा नाही, महाराष्ट्रातील ३० टिकवणेच कठीण दिसते. मध्य प्रदेश, गुजरात, छत्तीसगड, दिल्ली, उत्तराखंड आणि हिमाचल प्रदेश या सहा ठिकाणी मिळून ८२ जागा आहेत; २०२४ मध्ये त्यांतील ८० भाजपने जिंकल्या आणि उरलेल्या दोन, बनासकांठा आणि कोरबा, काँग्रेसने. प्रादेशिक मित्रपक्ष येथे मदतीला येऊ शकत नाही, कारण भाजपला तुल्यबळ असा तो यांपैकी बहुतेक राज्यांत नाहीच. २००४ चे सूत्र येथे चालत नाही आणि २००४ मध्येही ते मध्य प्रदेश, राजस्थान आणि छत्तीसगड यांत चालले नव्हते: त्या वर्षी या तीन राज्यांतील ६५ पैकी ५६ जागा भाजपनेच राखल्या होत्या. सत्ता जाण्यात मोठा वाटा दक्षिणेचा होता.

हा अडथळा चेहऱ्याचा म्हणावा, तर हिमाचलचे काय करायचे? डिसेंबर २०२२ मध्ये तेथे काँग्रेसची सत्ता आली आणि दीड वर्षाने लोकसभेच्या चारही जागा गेल्या. राष्ट्रीय निवडणुकीत मोदींना पाहून मत देणारा मतदार येथे मोठ्या संख्येने आहे, एवढे मान्य केलेच पाहिजे. परंतु गुजरातेत काँग्रेस १९९५ पासून विधानसभेची एकही निवडणूक जिंकलेली नाही. त्या वेळी राहुल गांधी राजकारणातही नव्हते. तेथे पक्षाची तालुक्यातली फळीच विरली आहे, आणि स्वतः राहुल गांधी यांनी मार्च २०२५ मध्ये अहमदाबादेत पक्षाचे काही स्थानिक नेते आतून भाजपसाठी काम करतात, असे जाहीरपणे सांगितले. जिल्हाध्यक्ष नव्याने नेमण्याची मोहीम त्यानंतर गुजरातेतूनच सुरू झाली. अशा कामाला वर्तमानपत्रांत रकाने मिळत नाहीत, पण या ८२ जागांपैकी १५-२० जागा हलल्या तर त्या याच कामामुळे हलतील.

आणखी एक बाब या दाव्यात सोयीस्करपणे वगळली जाते. भाजपकडे २४० जागा आहेत. सरकार तेलुगू देसमच्या १६ आणि संयुक्त जनता दलाच्या १२ जागांसह उभे राहिले. तेलुगू देसमने मार्च २०१८ मध्ये आणि संयुक्त जनता दलाने ऑगस्ट २०२२ मध्ये याच भाजपची साथ सोडली होती. ते पुन्हा तसे करतील असे आज दिसत नाही, पण भाजपच्या जागा आणखी तीसेक कमी झाल्या तर सरकार कोणाचे, हे मतदारांइतकेच या पक्षांच्या हिशेबावर अवलंबून राहील.

विधानसभांच्या ठरलेल्या क्रमानुसार गुजरातची निवडणूक २०२७ च्या अखेरीस आणि मध्य प्रदेश, राजस्थान व छत्तीसगडच्या निवडणुका २०२८ च्या अखेरीस होतील. तेथे काँग्रेस जिंकली तर हाच दावा उलटा फिरवून सांगणारेही निघतील, म्हणून एक आकडा आताच नोंदवून ठेवलेला बरा: डिसेंबर २०१८ मध्ये यांतील शेवटची तिन्ही राज्ये काँग्रेसने जिंकली होती, आणि पाच महिन्यांनी लोकसभेच्या ६५ जागांपैकी तिला मिळाल्या होत्या तीन.